शिक्क्याचे वर्ष : अमेरिकी कॉमिक्स, १९५४

१९५४ साल उजाडले तेव्हा अमेरिकेत सुमारे साडेसहाशे कॉमिक नियतकालिके निघत होती. अंकाची किंमत दहा सेंट. औषधांच्या दुकानातल्या फिरत्या मांडणीवर, कोपऱ्यावरच्या पेपरच्या स्टॉलवर, गोळ्या-चॉकलेटच्या दुकानात ती मिळत आणि मुले खाऊच्या पैशांतून ती घेत. १९५६ मध्ये हा आकडा अडीचशेच्या घरात आला होता. मधल्या काळात एक पुस्तक निघाले, एक सुनावणी झाली आणि एक शिक्का तयार झाला. पुस्तक डॉ. फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाचे, ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’. ते एप्रिलमध्ये आले. सुनावणी अमेरिकी सिनेटच्या बालगुन्हेगारीविषयक उपसमितीने एप्रिल आणि जूनमध्ये घेतली. शिक्का होता प्रकाशकांनी ऑक्टोबरमध्ये स्वतःहून स्वीकारलेल्या आचारसंहितेचा. टपाल तिकिटासारखी दिसणारी ती खूण मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात जाऊन बसली आणि पुढे अर्ध्या शतकाहून अधिक काळ या धंद्यात टिकली.

या वर्षाचा विषय निघाला की माणसे दोन बाजूंना जातात. एका बाजूचे म्हणणे, मुलांच्या हाती काय पडते याचा जाब कोणीतरी विचारायलाच हवा होता. दुसरीचे म्हणणे, भीतीच्या लाटेत एक उमलती कला मारली गेली. पुढील संवादात पहिली बाजू शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या बाई मांडतात आणि दुसरी त्यांचाच जुना विद्यार्थी, आता चित्रकथा काढून पोट भरणारा चित्रकार. ही दोन माणसे कल्पित आहेत. त्यांनी सांगितलेल्या घटना तशा नाहीत.

चित्रकार : बाई, सुरुवात १९५४ पासून केली की सगळं खापर एका डॉक्टरवर फोडता येतं. पण कॉमिक्सच्या होळ्या त्याआधीच पेटल्या होत्या. १९४८ च्या ऑक्टोबरात वेस्ट व्हर्जिनियातल्या स्पेन्सर गावात शाळकरी मुलांनीच घरोघर फिरून कॉमिक्स गोळा केली आणि शाळेच्या आवारात पेटवली. डिसेंबरात न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टनला तोच प्रकार. नाझींनी पुस्तकं जाळली त्याला तेव्हा जेमतेम पंधरा वर्षं झाली होती.

बाई : जन्म पुस्तकं सांभाळण्यात गेला माझा, जाळणं मला पटेल असं तुला वाटतं? पण त्याच १९४८ मधली दुसरी गोष्ट तू गाळतोस. गुन्हे आणि रक्तपाताच्या कथांवर बंदी घालणारा न्यूयॉर्कचा कायदा सर्वोच्च न्यायालयानं रद्द ठरवला, शब्द फार मोघम आहेत म्हणून. निकाल योग्यच होता. मग प्रकाशकांनी एक संघटना काढली, छोटीशी नियमावली छापली आणि बहुतेकांनी ती गुंडाळून ठेवली. कायदा नाही, धंद्याची शिस्त नाही. आई-बापांनी जायचं कुठं?

चित्रकार : मुलाच्या शेजारी बसून तो वाचतोय ते वाचायचं.

बाई : ते तर वर्थम करत होता. बाकीचे मोठे लोक वाचत नव्हते, म्हणून तर त्याचं पुस्तक खपलं.

वर्थम हा खलनायक म्हणून रंगवायला सोयीचा माणूस. त्याचे चरित्र मात्र त्या रंगात बसत नाही. जन्म १८९५ चा, न्यूरेम्बर्गचा. १९२२ मध्ये तो अमेरिकेत आला. कृष्णवर्णीयांना मानसोपचार मिळणे जवळजवळ अशक्य होते त्या काळात, १९४६ मध्ये, त्याने न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात एका चर्चच्या तळघरात लाफार्ग क्लिनिक सुरू केले. फी पंचवीस सेंट, आणि तेवढीही नसेल तर फुकट. कादंबरीकार रिचर्ड राइट या कामात त्याच्यासोबत होता. डेलावेअर राज्यात गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळांविरुद्ध खटला उभा राहिला तेव्हा वर्थमने मुलांची तपासणी करून साक्ष दिली की ही विभागणीच मुलांच्या मनाला इजा करते. तो खटला पुढे ‘ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ या प्रसिद्ध प्रकरणात सामील झाला आणि १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. म्हणजे कॉमिक्सच्या सुनावणीची एप्रिलमधली बैठक आणि जूनमधली बैठक यांच्या मधोमध हा निकाल येतो. एकाच डॉक्टरचा दोन्हीकडे हात आहे, ही गोष्ट त्याच्या टीकाकारांनी बराच काळ बाजूला ठेवली.

बाई : हार्लेमच्या त्या तळघरात येणाऱ्या पोरांकडून त्यानं कॉमिक्सविषयी ऐकलं. त्याचा मुद्दा साधा होता. मूल बिघडतं ते आजूबाजूच्या परिस्थितीनं, आणि दहा सेंटला मिळणारी ही पुस्तकं त्या परिस्थितीचाच भाग आहेत. आणि नुसत्या गोष्टी नव्हत्या रे त्यात. जाहिराती बघ. सुरे, हवेवर चालणाऱ्या बंदुका, वजन कमी करायची औषधं, छाती भरदार करायची साधनं. आठ वर्षांच्या मुलीला हे विकायचं?

चित्रकार : जाहिरातींवरचं प्रकरण मलाही मान्य आहे, बाई. पुस्तकातला सर्वांत भक्कम भाग तोच. पण चित्रांबाबत त्यानं काय केलं ते पाहा. जॅक कोल या चित्रकाराची १९४७ ची एक गुन्हेकथा आहे. त्यातल्या एका चौकटीत एका बाईचा डोळा बोटांनी ताणून उघडलाय आणि इंजेक्शनची सुई अगदी बुबुळाशी आली आहे. वर्थमनं ती चौकट उचलून छापली, डोळ्याला इजा करण्याच्या विकृतीचा नमुना म्हणून. आता मूळ गोष्टीत हे त्या बाईला पडलेलं भयंकर स्वप्न आहे, अमली पदार्थांच्या धंद्यात अडकल्यामुळे पडलेलं. संदर्भ कापला की कशाचाही पुरावा होतो. एका पुरुषाच्या खांद्याचे स्नायू मोठे करून त्यात लपलेली स्त्री दिसते, असंही त्यानं दाखवलंय! तिथे मात्र आजारी कोण, असा प्रश्न पडतो.

बाई : खांद्याचं सोड, ते हास्यास्पदच आहे. बॅटमन आणि रॉबिनच्या घरात त्याला समलैंगिक संसार दिसला, सुपरमॅनमध्ये फॅसिझम दिसला, तेही मी सोडून देते. पण सुईच्या चौकटीबद्दल तू चित्रकार म्हणून खोटं बोलतोयस. मूल आधी चित्र बघतं, गोष्ट मागाहून वाचतं, कधी वाचतही नाही. ती चौकट पानावर तितकी मोठी आणि तितकी जवळून काढली, ती कोलला हे ठाऊक होतं म्हणूनच. आणि ती बेसबॉलची गोष्ट?

ती गोष्ट ईसी या प्रकाशनाच्या ‘द हाँट ऑफ फिअर’ या मालिकेतली, १९५३ ची, चित्रे जॅक डेव्हिसची. प्रतिस्पर्ध्याला विषप्रयोगाने मारणाऱ्या खेळाडूचा सूड त्याचे विरोधक घेतात. शेवटच्या पानावर मध्यरात्रीचा सामना चालू आहे : चेंडूच्या जागी त्याचे मुंडके, मैदानाच्या रेषा आतड्यांच्या, बॅट म्हणून पाय. डेव्हिसची रेघ विनोदी व्यंगचित्रकाराची आहे आणि पान इतके अतिरेकी आहे की मोठ्या वाचकाला हसू फुटते. सात वर्षांच्या वाचकाला काय फुटते, यावर सगळा वाद होता.

ईसीचा मालक विल्यम गेन्स या वादाचा दुसरा नायक. त्याचे वडील मॅक्स गेन्स हे कॉमिक पुस्तकाच्या धंद्याच्या आद्य माणसांपैकी एक. १९४७ मध्ये नौकेच्या अपघातात ते गेले आणि रसायनशास्त्राचा शिक्षक व्हायला निघालेल्या मुलाच्या गळ्यात ही कंपनी पडली. त्याने आणि संपादक अल फेल्डस्टीनने १९५० पासून भयकथांच्या मालिका काढल्या, सोबत विज्ञानकथा आणि हार्वी कर्ट्झमनच्या युद्धकथा. १९५२ मध्ये कर्ट्झमनचेच ‘मॅड’ आले. चित्रकारांची फळी अशी होती की आजही तिच्यावर पुस्तके निघतात.

२१ एप्रिल १९५४ रोजी न्यूयॉर्कच्या फोली स्क्वेअरमधल्या न्यायालयाच्या इमारतीत उपसमिती बसली. अध्यक्ष न्यू जर्सीचे रॉबर्ट हेन्ड्रिक्सन; लोकांच्या लक्षात राहिले ते टेनेसीचे एस्टेस केफॉव्हर, कारण संघटित गुन्हेगारीच्या चौकशीमुळे ते आधीच टीव्हीवर गाजलेले होते. दुपारी वर्थमची साक्ष झाली. कॉमिक्सच्या धंद्यापुढे हिटलर नवशिका ठरेल, असे तो तिथे बोलून गेला. त्याच्या पाठोपाठ गेन्स आला. त्याला कोणी ओढून आणलेले नव्हते, तो आपणहून साक्षीला आला होता. वजन कमी करण्यासाठी घेत असलेल्या गोळ्यांचा अंमल साक्ष चालू असतानाच उतरू लागला, असे त्याने पुढे सांगितले आहे. मर्यादा कुठे आखता, या प्रश्नाला त्याने उत्तर दिले की माझ्या अभिरुचीची मर्यादा तीच माझी मर्यादा. मग केफॉव्हरनी ‘क्राइम सस्पेन्सस्टोरीज’चा बाविसावा अंक वर धरला.

जॉनी क्रेगचे ते मुखपृष्ठ. पुरुषाच्या एका हातात रक्ताळलेली कुऱ्हाड, दुसऱ्या हातात केसांना धरलेले स्त्रीचे मुंडके, तोंडाच्या कोपऱ्यातून ओघळणारे रक्त, मागे जमिनीवर तिचे पाय. हे सुरुचीला धरून आहे का, असे केफॉव्हरनी विचारले. आहे, भयकथेच्या मुखपृष्ठापुरते आहे, असे गेन्स म्हणाला, आणि तिथे थांबला नाही. मुंडके आणखी वर धरले असते, मानेतून रक्त ठिबकताना दाखवले असते, तर ते कुरुचीचे झाले असते, असे स्पष्टीकरणही त्याने दिले. तोंडातून रक्त येतेच आहे, हे केफॉव्हरनी दाखवून दिले. थोडेसे, असे उत्तर आले. दुसऱ्या दिवशी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर ही जुगलबंदी होती.

चित्रकार : एका वाक्यानं माणूस संपला. पण त्याच साक्षीत त्यानं एक गोष्ट सांगितली ती कोणी ऐकली नाही. वर्थमनं ईसीच्या एका कथेत वापरलेल्या वांशिक शिवीवर बोट ठेवलं होतं. ती कथा शिवी देणाऱ्यांच्या विरुद्ध होती, बाई! मुलीच्या मेक्सिकन मित्राचा द्वेष करणारा बाप टोळकं जमवून अंधारात त्याला मारायला जातो, आणि मरते त्याचीच मुलगी. हार्लेममध्ये वर्णभेदाशी लढणारा डॉक्टर वर्णभेदाविरुद्धच्या कथेला वर्णद्वेषी ठरवतो. याला काय म्हणायचं?

बाई : घाई म्हणायचं. त्यानं सगळं वाचलं होतं, पण फिर्याद तयार करायला वाचलं होतं. हे मी मान्य करते. पण तुझा गेन्सही काही संत नव्हता. आपल्याच अंकांत त्यानं जाहिरात छापली की कॉमिक्स बंद पाडायला सर्वांत उत्सुक कोण, तर कम्युनिस्ट. सुनावणीच्या दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये लष्कर आणि कम्युनिस्टांच्या मागे लागलेले सिनेटर मॅकार्थी यांची चौकशी टीव्हीवर सुरू झाली. त्या हवेत असली जाहिरात म्हणजे विनोद नव्हे. आणि धंद्याच्या बाजूनं बोलणारे तज्ज्ञ? लॉरेटा बेंडर मोठ्या मनोविकारतज्ज्ञ; त्या म्हणाल्या कॉमिक्सनं मुलांचं नुकसान होत नाही. त्या एका मोठ्या कॉमिक प्रकाशनाच्या सल्लागार मंडळावर होत्या आणि त्याचं मानधन घेत होत्या. हे समितीनंच बाहेर काढलं.

चित्रकार : काढलं, मान्य. पण मानधन घेतलं म्हणून मत खोटं ठरत नाही.

बाई : खोटं ठरत नाही. हलकं होतं.

जूनच्या बैठकीत एक वेगळाच धागा बाहेर आला, आणि या वर्षाचा खरा निकाल तिथे दडला आहे. स्टॉलवाल्याला नावाजलेली मासिके हवी असतील तर घाऊक वितरक त्यांच्याबरोबर कॉमिक्सचे गठ्ठेही गळ्यात मारत. नको असलेला माल निवडून बाजूला काढायला त्याला ना वेळ होता ना मुभा. दुसरी गोष्ट म्हणजे सगळा माल परतीच्या बोलीवर जाई : न खपलेला अंक परत, आणि तोटा प्रकाशकाचा. म्हणजे एखाद्या प्रकाशकाला संपवायला कायदा लागत नव्हता, न्यायालय लागत नव्हते. वितरकाने गठ्ठा न सोडता परत पाठवला की झाले. कला विरुद्ध बाळांचे मन असा हा सामना दोन्ही बाजूंनी रंगवला, पण निकाल गोदामात लागला.

उन्हाळ्यात गेन्सने इतर प्रकाशकांना एकत्र बोलावले, वर्थम आणि त्याच्या समर्थकांशी एकजुटीने लढण्यासाठी. जमलेल्यांना लढण्यात रस नव्हता. त्यांना आपले अंक स्टॉलवर राहण्यात रस होता. त्यातून कॉमिक्स मॅगझिन असोसिएशन ऑफ अमेरिका ही संघटना उभी राहिली आणि गेन्स तिच्यातून बाहेर पडला. अध्यक्ष झाले आर्ची कॉमिक्सचे जॉन गोल्डवॉटर. १४ सप्टेंबरला गेन्सने भयकथा आणि गुन्हेकथा बंद करत असल्याचे जाहीर केले. दोनच दिवसांनी न्यूयॉर्कचे मॅजिस्ट्रेट चार्ल्स मर्फी यांची संहितेचे प्रशासक म्हणून नेमणूक झाली, आणि २६ ऑक्टोबरला संहिता मंजूर झाली.

संहितेत ४१ कलमे होती. ‘हॉरर’ आणि ‘टेरर’ हे शब्द नावात चालणार नाहीत. ‘क्राइम’ हा शब्द मुखपृष्ठावर एकटा येणार नाही आणि बाकी शब्दांपेक्षा ठळक असणार नाही. पिशाच्चे, नरभक्षक, चालती प्रेते बाद. पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याविषयी अनादर निर्माण होईल असे काही नको. प्रत्येक वेळी सत्याचा जय व्हायला हवा आणि गुन्हेगाराला शिक्षा. स्त्रियांची अंगे वाजवीपेक्षा भरदार काढायची नाहीत. घटस्फोट विनोदाने दाखवायचा नाही. व्याकरण शक्यतो शुद्ध ठेवायचे. कोणत्याही धर्माची वा वंशाची टवाळी चालणार नाही. छपाईपूर्वी मूळ चित्रे मर्फींच्या कार्यालयात जात. तिथल्या तपासनीस स्त्रिया आक्षेप नोंदवून ती परत पाठवत आणि चित्रकार पांढरा रंग लावून पुन्हा काढत. डेल ही सर्वांत मोठी कंपनी, डिस्नीची पात्रे छापणारी, या संघटनेत शिरलीच नाही. तिला शिक्क्याची गरज नव्हती; वितरकांचा तिच्यावर भरवसा होता. अभिजात कादंबऱ्यांची कॉमिक्स काढणारी गिल्बर्टन कंपनीही बाहेर राहिली.

चित्रकार : नावांमधले शब्द बघा, बाई. ‘हॉरर’, ‘टेरर’, ‘क्राइम’. ईसीच्या आणि लेव्ह ग्लीसनच्या खपणाऱ्या मालिकांची नावं समोर ठेवून कलमं लिहिल्यासारखी वाटतात. ग्लीसनच्या ‘क्राइम डझ नॉट पे’वर पहिला शब्द केवढा मोठा, बाकीचे केवढेसे! त्याची कंपनी १९५६ मध्ये बंद पडली. आर्ची, डीसी यांचं काय गेलं? काही नाही. प्रतिस्पर्धी तेवढे गेले.

बाई : ‘क्राइम’ मोठा आणि ‘डझ नॉट पे’ बारीक छापणं ही लबाडी होती, ती थांबवली तर मला वाईट वाटत नाही. पण तू म्हणतोस त्यातलं एक मला मान्य आहे, आणि ते वर्थमलाही मान्य होतं. त्यानं ही संहिता मागितलीच नव्हती. समितीपुढं त्यानं मागितलं ते इतकंच की असली पुस्तकं पंधरा वर्षांखालच्या मुलांना विकायची नाहीत. मोठ्यांनी काय वाचायचं ते मोठ्यांनी ठरवावं. संहितेनं उलट केलं. वयाचा प्रश्नच पुसून टाकला आणि सगळ्यांनाच लहान मूल मानलं. म्हातारा माणूसही विकत घेईल ते बाळासाठी निर्धोक असलं पाहिजे! वर्थमनं या शिक्क्याला कधी मान्यता दिली नाही.

चित्रकार : मग आपलं भांडण कशावर आहे?

बाई : तू म्हणतोस प्रश्नच चुकीचा होता. मी म्हणते उत्तर चुकीचं होतं.

गेन्सने मग ‘न्यू डायरेक्शन’ या नावाखाली नव्या मालिका काढल्या, सुरुवातीला शिक्क्याशिवाय. त्यांपैकी ‘इम्पॅक्ट’च्या पहिल्या अंकात, १९५५ च्या सुरुवातीला, बर्नार्ड क्रिगस्टीनने चितारलेली ‘मास्टर रेस’ ही कथा आली. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत एका माणसाला समोरचा प्रवासी ओळखीचा वाटतो; दोघांपैकी एक नाझी छळछावणीचा माजी प्रमुख आहे आणि तो कोणता, हे वाचकाला उशिरा कळते. कथेला सहा पाने दिली होती. क्रिगस्टीनने आधीच अक्षरे उतरवलेली पाने कापून, चौकटी फोडून, ती आठ पानांची केली. शेवटी माणूस धावत्या गाडीखाली जातो तेव्हा डब्यांच्या खिडक्यांतले तेच तेच चेहरे एकाच चौकटीत अनेकदा उमटतात आणि गाडीचा वेग पानावर दिसतो. ज्यूंच्या संहाराविषयी अमेरिकेत फारसे कोणी बोलत नव्हते तेव्हाचे हे काम. या नव्या मालिकांचे गठ्ठे वितरकांनी न उघडता परत पाठवले, आणि शेवटी गेन्सने शिक्का घेतला.

चित्रकार : आणि शिक्का घेतल्यावर काय झालं? १९५३ ची एक जुनी विज्ञानकथा त्यांनी पुन्हा छापायला घेतली, ‘जजमेंट डे’. पृथ्वीचा प्रतिनिधी यंत्रमानवांच्या ग्रहावर तपासणीला जातो. तिथं नारिंगी यंत्रमानवांना सगळ्या सोयी आणि निळ्यांना वेगळी वस्ती, वेगळी बस. तो म्हणतो, तुमची अजून तयारी झालेली नाही. परत निघाल्यावर शेवटच्या चौकटीत तो शिरस्त्राण काढतो, आणि तो कृष्णवर्णीय आहे. कपाळावरचा घाम चमकतोय. जो ऑरलँडोनं काढलंय ते. मर्फी म्हणाले, हा काळा नको. गेन्स अडून बसला. मग म्हणाले, निदान घामाचे थेंब तरी काढा! गेन्सनं तेही केलं नाही, कथा जशीच्या तशी छापली आणि त्यानंतर ईसीनं एकही कॉमिक काढलं नाही. वंशाची टवाळी नको म्हणणाऱ्या संहितेचा हा अंमल.

बाई : कलम चांगलं, माणूस वाईट.

चित्रकार : कलम राबवायला माणूसच असतो, बाई.

ईसीचे फक्त ‘मॅड’ उरले. शिक्क्यातून सुटण्यासाठी ते कॉमिकचे मासिक केले, असे सर्रास सांगितले जाते. खरे कारण वेगळे होते : कर्ट्झमनला दुसऱ्या मासिकाकडून बोलावणे आले होते, आणि त्याला टिकवण्यासाठी गेन्सने १९५५ मध्ये चोविसाव्या अंकापासून ‘मॅड’ला पंचवीस सेंटच्या मोठ्या मासिकाचे रूप दिले. संहितेच्या कक्षेबाहेर पडणे हा आनुषंगिक फायदा, पण त्यानेच गेन्सला पुढे श्रीमंत केले.

सिनेट उपसमितीचा अहवाल १९५५ मध्ये आला. बालगुन्हेगारीचे खापर तिने एकट्या कॉमिक्सवर फोडले नाही आणि कायदाही सुचवला नाही. धंद्याने स्वतःला आवर घालावा, एवढेच सांगितले. तोवर धंद्याने आवर घातलेलाही होता.

अमेरिकेबाहेर मात्र कायदे झाले. कॅनडाने १९४९ मध्येच गुन्हेकथांच्या कॉमिक्सवर बंदी घातली होती. ब्रिटनमध्ये १९५४ च्या सप्टेंबरात एक अजब प्रकार घडला. ग्लासगोच्या गॉर्बल्स वस्तीत शेकडो मुले, काही हातात काठ्या-सुरे घेऊन, एका जुन्या दफनभूमीत घुसली. सात फूट उंचीचे, लोखंडी दातांचे पिशाच्च दोन पोरांना खाऊन तिथे लपले आहे, अशी आवई उठली होती. तशी कोणतीही मुले बेपत्ता नव्हती. दोष लगेच अमेरिकी भयकथांच्या माथी गेला. लोखंडी दातांचे श्वापद बायबलच्या दानिएलच्या पुस्तकात आहे, हे नंतर कोणीतरी दाखवून दिले. ब्रिटनमधली मोहीम चालवणाऱ्यांत शिक्षक संघटना होत्या आणि कम्युनिस्टही होते. गेन्सची ती जाहिरात अमेरिकेत बाष्कळ होती. अटलांटिकच्या पलीकडे ती अर्धवट खरी ठरली. १९५५ मध्ये ब्रिटिश संसदेने मुलांसाठी हानिकारक प्रकाशनांचा कायदा केला.

बाई : आणि पुढच्याच वर्षी आपण. १९५६ चा ‘यंग पर्सन्स (हार्मफुल पब्लिकेशन्स) अॅक्ट’. ब्रिटिश कायद्याच्या शब्दांशी कितीतरी ठिकाणी जुळणारा.

चित्रकार : जुळणारा, पण जास्त ऐसपैस. तिकडे चित्रांच्या गोष्टींपुरता होता. आपल्याकडे चित्रांसह किंवा चित्रांशिवाय, कशाही सांगितलेल्या. गुन्हा, क्रौर्य किंवा किळसवाणे प्रसंग मुख्यतः असले आणि कोवळ्या मनाला बिघडवतील असं वाटलं की झालं. आणि कोवळं म्हणजे किती? वीस वर्षांखालचं! अक्षरशः वाचला तर बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथाही त्यात ओढता आल्या असत्या. अठराव्या वर्षी लोक संसाराला लागायचे त्या काळात.

बाई : वीसचा आकडा मलाही विचित्र वाटतो. पण बघ, निदान वय तरी लिहिलं होतं.

वर्थमच्या पुस्तकाचा पुढचा हिशोब बराच उशिरा झाला. तो १९८१ मध्ये वारला. त्याची कागदपत्रे लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये होती आणि २०१० मध्ये ती संशोधकांना खुली झाली. इलिनॉय विद्यापीठातल्या कॅरल टिली यांनी ती पुस्तकाशी ताडून पाहिली आणि २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. निरनिराळ्या मुलांचे बोलणे एकाच्या तोंडी घातलेले, वये बदललेली, घरची आणि टोळीची कारणे गाळलेली, असे प्रकार त्यांना जागोजाग सापडले.

चित्रकार : यानंतर तरी वाद मिटायला हवा.

बाई : पुरावा खोटा निघाला, एवढं सिद्ध झालं. मला राग येतो तो यासाठी की त्याची गरज नव्हती. कॉमिक्समुळे मुलं गुन्हेगार होतात, हा मोठा दावा करायला गेला आणि कागद रंगवावे लागले. सात वर्षांच्या मुलाला हे विकू नका, एवढ्याच मागणीला मुखपृष्ठ दाखवणं पुरेसं होतं. केफॉव्हरनी तेच केलं की.

आकडा साडेसहाशेवरून अडीचशेवर आला तो सगळा संहितेमुळे, असे म्हणणेही घाईचे आहे. १९५४ पर्यंत निम्म्याहून अधिक अमेरिकी घरांत टीव्ही आला होता आणि मुलांच्या दुपारा तिकडे वळल्या होत्या. ईसीचा वितरक १९५६ मध्ये दिवाळखोर झाला. १९५७ मध्ये अमेरिकन न्यूज कंपनी या प्रचंड वितरकाने हात आखडते घेतले आणि पुढे मार्व्हल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकाशनाला आपल्याच स्पर्धकाच्या, डीसीच्या, वितरण कंपनीकडे जावे लागले. तिथे महिन्याला आठच अंकांची मर्यादा मिळाली. धंदा आजारी होताच. संहितेने ठरवले ते कोण टिकणार, आणि उरलेल्यांनी काय काढायचे. १९५६ मध्ये डीसीने ‘फ्लॅश’ नव्याने आणला, १९६१ मध्ये मार्व्हलचे ‘फँटॅस्टिक फोर’ आले. मोकळ्या झालेल्या मांडणीवर हळूहळू अंगाला घट्ट कपडे घालणारे नायक पसरले.

१९७१ मध्ये मार्व्हलने अमली पदार्थांविरुद्धची ‘स्पायडर-मॅन’ची कथा तीन अंकांत शिक्क्याशिवाय छापली. अंक नेहमीसारखे खपले, आणि संहिता सैल झाली. पिशाच्चे परत आली. २००१ मध्ये मार्व्हलने ती साफ सोडली आणि स्वतःच्या वयोगटांच्या खुणा छापायला सुरुवात केली. जानेवारी २०११ मध्ये डीसी बाहेर पडले, पाठोपाठ आर्ची, आणि संहिता संपली.

बाई : वयोगटाची खूण! वर्थमच्या मागणीच्या जवळचं हेच. सत्तेचाळीस वर्षं लागली.

चित्रकार : तो कायदा मागत होता, बाई, ही छापील सूचना आहे. आणि ती आली तोवर दहा सेंट घेऊन येणारी मुलं होती कुठे? स्टॉल जाऊन कॉमिक्सची खास दुकानं आली, आणि तिथं मोठी माणसंच जास्त येत.

बाई : मुलं का गेली, यावर आपण परत भांडू शकतो.

शिक्क्याच्या चिन्हाचा हक्क सप्टेंबर २०११ मध्ये कॉमिक बुक लीगल डिफेन्स फंड या संस्थेकडे गेला. कॉमिक्स विकल्याबद्दल किंवा छापल्याबद्दल खटले भरले गेलेल्यांना वकील मिळवून देणे हे या संस्थेचे काम आहे.